दातांत धरलेला पेचकस

गेल्या ईदनंतर आठवड्याभरात माझा भाचा एक जुनी येझदी घेऊन दारात उभा राहिला. गाडी म्हणजे नुसता सांगाडा होता. पुढचा मडगार्ड कापून वर चढवलेला, दोन्ही सायलेन्सर वळवून उंच घेतलेले, टायरला मोठमोठे गुट्टे, आणि सीट एका माणसाला पुरेल एवढीच. कोणीतरी हौसेने तिची ‘डर्ट बाइक’ केली होती. मालेगावात अशी गाडी कशासाठी लागते, हा प्रश्न मी विचारला नाही. उन्हाळ्यात गिरणेचं पात्र कोरडं पडतं आणि पोरांना जागा मिळते, हे मला माहीत आहे.

पंधरा दिवसांत गाडी आवाज करू लागली. मग भाचा तीन ठिकाणी फिरून आला. पहिला म्हणाला, क्रँक गेला, इंजिन खोलावं लागेल, चौदा हजार. दुसरा म्हणाला, टॅपेट वाजतायत, सेट करून देतो. तिसरा म्हणाला, विकून टाक. चौदा हजार म्हणजे आपाच्या भिशीचे पूर्ण पैसे. ती भिशी भाच्याच्या धाकट्या बहिणीच्या कॉलेज प्रवेशासाठी होती. आपा मला फोनवर म्हणाली, “तू शिकलेला आहेस, तूच सांग.” मी उर्दू आणि मराठी शिकवतो. बी.एड.ला आम्हाला इंजिन नव्हतं.

पण एक गोष्ट मलाही कळली. दुसऱ्या मिस्त्रीने गाडी पाहिलीच नव्हती. येझदीचं इंजिन टू-स्ट्रोक. त्यात झडपा नसतात. सिलिंडरच्या भिंतीत भोकं असतात आणि पिस्टनच वर-खाली होताना ती उघडतो, झाकतो. झडप नाही तिथे टॅपेट कुठून येणार?

मी भाच्याला विचारलं, आवाज कसा येतो? तो म्हणाला, “खराब येतो मामू.” मी शिक्षकच, त्याला सोडलं नाही. मराठीत आवाजांसाठी केवढे शब्द आहेत! खडखड वेगळी, खुळखुळ वेगळी. टकटक, ठकठक, घरघर, कुरकुर, किणकिण, टणटण. वर्गात यांना आपण अनुकरणवाचक शब्द म्हणतो आणि दोन गुणांचा प्रश्न सोडवून पुढे जातो. पण मिस्त्रीच्या दुकानात तोच शब्द रोगाचं नाव असतो. बराच वेळ विचार करून भाचा म्हणाला, “उभी असताना खडखड. आणि टेकडी चढताना टणटण. जसं कोणी आत नाणी टाकली.” म्हणजे आवाज एक नव्हता, दोन होते. तिन्ही मिस्त्रींनी हे विचारलंच नव्हतं.

आवाजावरून आतला रोग ओळखण्याचा इतिहास इंजिनाहून जुना आहे. लिओपोल्ड औएनब्रुगर हा ऑस्ट्रियातल्या ग्राट्झचा, खानावळवाल्याचा मुलगा. पिंप ठोकून त्यात दारू कुठवर भरली आहे ते ओळखतात, हे अशा घरातल्या पोराला सांगावं लागत नाही. पुढे व्हिएन्नात डॉक्टर झाल्यावर त्याने तीच युक्ती रोग्याच्या छातीवर वापरली आणि 1761 मध्ये त्यावर छोटं लॅटिन पुस्तक काढलं. फारसं कोणी लक्ष दिलं नाही. 1808 मध्ये नेपोलियनचा डॉक्टर कोर्व्हिसार याने त्याचं फ्रेंच भाषांतर केलं, आणि याच कोर्व्हिसारचा विद्यार्थी रने लाएनेक याने 1816 मध्ये पॅरिसच्या नेकेर इस्पितळात कागदाची गुंडाळी करून एका तरुण बाईच्या हृदयाचे ठोके ऐकले. तिच्या छातीला थेट कान लावणं त्याला अवघड वाटलं होतं. लाकडाच्या लांब तुकड्याच्या एका टोकाला टाचणी खरवडायची आणि दुसऱ्या टोकाला कान लावायचा, हा पोरांचा खेळ त्याला त्या वेळी आठवला. कागदाच्या गुंडाळीची पुढे लाकडी नळी झाली. आजही गॅरेजमध्ये मिस्त्री लांब पेचकसाचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावतो, तेव्हा तो तोच खेळ खेळत असतो.

आमच्या मोहल्ल्यात असा पेचकस लावणारे एक उस्ताद आहेत. नाव घेत नाही, त्यांना आवडणार नाही. वय सत्तरच्या पुढे. तरुणपणी ते मागांचे फिटर होते, मग जावा-येझदीचं काम करू लागले. अडचण एकच, उस्तादांना ऐकू येत नाही. जवळजवळ अजिबात नाही. आपण बोलायचं तर पाटीवर लिहून द्यावं लागतं, आणि ते उत्तर देतात ते गल्लीच्या टोकापर्यंत जातं.

मालेगावकरांना याचं कारण सांगायला नको. आमचे पणजोबा-खापरपणजोबा 1857 नंतरच्या वर्षांत उत्तरेतून आग्रा रोडने इथे आले, हातमाग घेऊन. हातमागाची खटखट माणसाच्या हाताच्या गतीची होती. पुढे वीज आली, पॉवरलूम आले, आणि दोन माणसांना एकमेकांशी बोलायचं तर कानात ओरडायची वेळ आली. माझे अब्बा घरातही मोठ्याने बोलत. लहानपणी मला वाटे, ते रागावलेत.

थॉमस बार नावाच्या डॉक्टरने 1886 मध्ये ग्लासगोतल्या शंभर बॉयलर कारागिरांचे कान तपासले. एकाचेही कान धड नव्हते. आपल्याकडे 1948 च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात आवाजाने येणारं बहिरेपण हा व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदलेला होता, आणि आठ तासांच्या पाळीला 90 डेसिबलची मर्यादा नियमांत होती. पण पुढच्या खोलीत माग आणि मागच्या खोलीत संसार असलेल्या घरापर्यंत हा कायदा कधी आला नाही. उस्तादांचे कान कोणी तपासले नाहीत, आणि त्यांनी तक्रारही केली नाही. तक्रार करायची कोणाकडे? मालक त्यांचा चुलतभाऊ होता.

तर मी भाच्याला आणि गाडीला घेऊन तिथे गेलो. मनात म्हटलं, ज्याला ऐकू येत नाही तो आवाज काय ओळखणार. उस्तादांनी गाडी चालू करायला लावली. मग लांब पेचकस पुसला, त्याची मूठ दातांत धरली आणि टोक इंजिनला लावलं.

हाडातून आवाज पोहोचतो हे इटलीच्या जिरोलामो कार्दानोने सोळाव्या शतकात लिहून ठेवलं आहे. दातांत दांडी धरली तर तिच्यातून आवाज जाणवतो, असं त्याचं निरीक्षण होतं. उस्तादांनी कार्दानो वाचलेला नाही. कान गेल्यावर त्यांनी हे स्वतः शोधलं. पेचकस आधी सिलिंडरला लावला, मग उजव्या बाजूला, जिथे क्रँकच्या टोकाला डायनामो असतो तिथे, मग डाव्या कव्हरला. डाव्या कव्हरवर ते थांबले. भाच्याला खूण केली, क्लच दाब. मग सोड. मग थोडी रेस दे. पाटी मागितली नाही. ओरडून म्हणाले, “क्रँक ठीक आहे. चेन मारते आहे.”

येझदीत क्रँकपासून क्लचपर्यंत एक छोटी चेन असते, डाव्या कव्हरच्या आत. मिस्त्री तिला प्रायमरी चेन म्हणतात. उस्तादांचा तर्क मी पाटीवर प्रश्न लिहून लिहून काढून घेतला. गाडी न्यूट्रलला असताना क्लच दाबला की गिअरबॉक्स इंजिनपासून सुटतो. आवाज गिअरबॉक्सचा असता तर बदलला असता. बदलला नाही. म्हणजे दोष क्लचच्या अलीकडे. मग उरतात पिस्टन, क्रँक आणि ही चेन. पिस्टन सैल असेल तर थंड इंजिनात आवाज जास्त, तापल्यावर पिस्टन फुगतो आणि आवाज दबतो. इथे तापल्यावरही तसाच. क्रँकचं खालचं बेअरिंग गेलं असेल तर जोर लावल्यावर आवाज वाढतो, जड ठकठक होते. इथे उलट, रेस दिली की खडखड कमी. हळू चालताना टू-स्ट्रोक इंजिन झटके देतं, सैल चेन त्या झटक्यांनी उडते. जोर लागला की ताणली जाते आणि गप्प बसते. उस्तादांना हे सांगायला दोन मिनिटं लागली. मला समजायला अर्धा तास.

त्यांनी ऑइल काढलं, गिअरची दांडी उतरवली (येझदीत हीच दांडी वर वळवली की किकही होते, नव्या पोरांना याची फार गंमत वाटते) आणि डावं कव्हर उघडलं. कव्हरच्या आतल्या बाजूला चेनने घासून चकचकीत चर पाडला होता. मला तो चर एखाद्या शिलालेखासारखा वाटला. भाच्याची खात्री पटावी म्हणून त्यांनी सिलिंडरही उचलला, कनेक्टिंग रॉड हातात धरून सरळ वर-खाली ढकलून दाखवला. जरासुद्धा हालचाल नाही. बाजूला थोडा हलतो, तो हलायलाच हवा. घाबरवायचं असेल तर मिस्त्री तोच बाजूचा खेळ दाखवतात, असं उस्ताद म्हणाले. पहिल्या मिस्त्रीने नेमकं तेच दाखवलं असेल का, मला माहीत नाही. त्याने तर इंजिन न खोलताच चौदा हजार सांगितले होते.

राहिली टेकडीवरची टणटण. या आवाजाचा इतिहास मोठा आहे आणि काळा आहे. ठिणगी पडली की ज्योत सिलिंडरमध्ये पसरत जाते. पण दाब आणि उष्णता फार वाढली तर कोपऱ्यात उरलेलं मिश्रण ज्योत पोहोचण्याआधीच आपोआप भडकतं, आणि भिंतींवर हातोडा मारल्यासारखा आवाज येतो. 1912 मध्ये अमेरिकेच्या चार्ल्स केटरिंगने कॅडिलॅकला सेल्फ-स्टार्टर आणि बॅटरीची ठिणगी दिली, तेव्हा लोकांनी या टणटणीचा दोष त्याच्या यंत्रणेला दिला. केटरिंगला ते झोंबलं. त्याने थॉमस मिजली या सहकाऱ्याला कामाला लावलं. असंख्य पदार्थ तपासल्यावर 9 डिसेंबर 1921 ला मिजलीने पेट्रोलमध्ये शिशाचं एक संयुग मिसळलं आणि आवाज बंद झाला. 1924 मध्ये न्यू जर्सीच्या एका रिफायनरीत ते संयुग बनवणारे पाच कामगार वेडाचे झटके येऊन मेले. तरीही ते विकलं गेलं, जगभर. भारतात शिसेयुक्त पेट्रोल 2000 मध्ये बंद झालं. सर्वांत शेवटी बंद केलं ते अल्जेरियाने, 2021 मध्ये. एक आवाज दाबायला शंभर वर्षं आपण आपल्या पोरांना शिसं हुंगवलं. उस्तादांच्या पिढीतले मिस्त्री नळीने तोंडाने पेट्रोल ओढत, आणि ते पेट्रोल शिशाचं होतं.

भाच्याच्या गाडीत कारण साधं निघालं. मित्रांनी जोर वाढवायला पॉइंटची प्लेट फिरवून ठिणगी फार आधी पडेल अशी करून दिली होती, आणि सिलिंडरच्या डोक्यावर कार्बनचा जाड थर होता. उस्तादांनी कार्बन खरवडला आणि टायमिंग मागे घेतलं. एअर फिल्टर पाहून मात्र त्यांनी भाच्याच्या डोक्यात टपली मारली. फिल्टरच नव्हता, जाळी होती. गिरणेची वाळू थेट पिस्टनवर.

वाचक मला अधूनमधून अल-जझारीवर लिहायला सांगतात. दियारबकरचा हा कारागीर, 1206 सालचं त्याचं पुस्तक, दोन पिस्टनचा पाणी उपसणारा पंप. फिरत्या चाकाची गती त्यात पिस्टनच्या ये-जा करण्यात बदलते. इंजिनात नेमकं उलट होतं. लिहीन कधीतरी. पण त्याचा अभिमान बाळगणारे आपण गल्लीतल्या उस्तादाला मात्र ‘हेल्पर’ म्हणतो.

त्या येझदीचाही इतिहास प्रवासाचा आहे. जावा हे नाव फ्रान्टिशेक यानेचेक आणि वांडरर या नावांच्या पहिल्या अक्षरांचं. यानेचेकने 1929 मध्ये प्रागमध्ये सुरुवात केली. मुंबईचे रुस्तम इराणी ती गाडी आयात करत. आयात अडल्यावर मैसूरला कारखाना निघाला, 1961 पासून तिथे गाड्या बनू लागल्या, 1973 मध्ये नाव येझदी झालं, आणि 1996 मध्ये कारखाना बंद पडला. इराणींच्या पूर्वजांचं यझ्द शहर त्या नावात आहे असं सांगतात.

नवी चेन, फिल्टर, ऑइल आणि मजुरी मिळून साडेतीन हजार झाले. आपाची भिशी शाबूत राहिली. पैसे देऊन आम्ही निघालो तेव्हा भाचा म्हणाला, मामू, एकदा मीपण बघू? उस्तादांनी पेचकस पुसून त्याच्या हातात दिला. भाच्याने मूठ दातांत धरली, टोक उजव्या बाजूला लावलं आणि डोळे मिटले. बराच वेळ तसाच. उस्तादांनी हाताने विचारलं, काय?

भाच्याने पाटी घेतली आणि एकच शब्द लिहिला. घरघर.

उस्तादांनी वाचलं. “मेन बेअरिंग,” ते गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले. “ते पुढच्या वर्षी.”