अभ्यासक्रम कोण ठरवतो? ग्रामीण महाविद्यालयाचा कारभार आणि प्राध्यापकांचा अधिकार

भंडारा जिल्ह्यातील पवनी तालुक्यात कोंढा हे गाव आहे. भातशेती हा या टापूचा मुख्य आधार. जवळच वैनगंगेवरील गोसेखुर्द प्रकल्पाचे पाणी, उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य आणि १९६९-७० च्या उत्खननात प्राचीन बौद्ध स्तूपांचे अवशेष प्रकाशात आलेली पवनी. अशा परिसरातील विद्यार्थ्याने पदवीसाठी काय शिकावे, जलव्यवस्थापन, पर्यटन व पुरातत्त्व की तेच ठरावीक तीन विषय, हे नेमके कोण ठरवतो? प्राचार्य, संस्थाचालक, विद्यापीठ की शासन? प्रवेशाच्या वेळी पालक क्वचितच हा प्रश्न विचारतात. पण विद्यार्थ्याची तीन-चार वर्षे त्याच्या उत्तरावर अवलंबून असतात.

विद्यापीठ आणि कायदा

भंडारा जिल्ह्यातील पारंपरिक पदवी महाविद्यालये राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी संलग्न असतात. १९२३ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाची कक्षा काळाच्या ओघात लहान होत गेली. १९८३ मध्ये अमरावती विद्यापीठ वेगळे झाले आणि २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठाकडे चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे गेले. त्यानंतर नागपूर, वर्धा, भंडारा व गोंदिया हे चार जिल्हे नागपूरकडे राहिले.

या महाविद्यालयांचा कारभार महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार चालतो. हा अधिनियम १ मार्च २०१७ पासून अमलात आला. त्यापूर्वी १९९४ चा महाराष्ट्र विद्यापीठ अधिनियम लागू होता. जुन्या कायद्यात प्रत्येक महाविद्यालयासाठी 'स्थानिक व्यवस्थापन समिती' होती. नव्या कायद्याच्या कलम ९७ ने तिची जागा 'महाविद्यालय विकास समिती'ला दिली.

विकास समितीत कोण असते?

व्यवस्थापनाचे अध्यक्ष किंवा त्यांनी नामनिर्देशित केलेली व्यक्ती समितीचे अध्यक्षपद भूषविते. संस्थेचे सचिव, प्राचार्यांनी नेमलेले एक विभागप्रमुख, पूर्णवेळ शिक्षकांनी आपल्यातून निवडून दिलेले तीन शिक्षक (त्यांत किमान एक महिला), शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा एक निर्वाचित प्रतिनिधी, शिक्षण, उद्योग, संशोधन व समाजसेवा या क्षेत्रांतील चार स्थानिक सदस्य (त्यांत किमान एक माजी विद्यार्थी), अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचे समन्वयक आणि विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष व सचिव हे सदस्य असतात. प्राचार्य सदस्य-सचिव असतात. समितीची बैठक वर्षातून किमान चार वेळा झाली पाहिजे.

ही संख्या पंधरा होते. त्यांपैकी कर्मचाऱ्यांनी मतदानाने निवडलेले सदस्य चारच. संस्थेचे दोन पदाधिकारी आणि व्यवस्थापनाने प्राचार्यांशी विचारविनिमय करून नेमलेले चार स्थानिक सदस्य मिळून सहा होतात. म्हणजे शिक्षकांचा आवाज समितीत आहे. निर्णायक बहुमत मात्र नाही. तरीही समितीची कामे महत्त्वाची आहेत. महाविद्यालयाचा विकास आराखडा तयार करणे, वार्षिक वेळापत्रकाविषयी निर्णय घेणे, नवे अभ्यासक्रम व अतिरिक्त पदे यांची शिफारस व्यवस्थापनाकडे करणे, विनाअनुदानित तत्त्वावरील अभ्यासक्रमांचा आढावा घेणे आणि अर्थसंकल्पीय अंदाज तयार करणे, हे सारे तिच्या कक्षेत येते.

अभ्यासक्रमाचा प्रवास

पाठ्यक्रमाचा मजकूर महाविद्यालयात ठरत नाही. तो विद्यापीठाच्या अभ्यासमंडळात तयार होतो. प्रत्येक विषयाचे किंवा विषयगटाचे अभ्यासमंडळ असते. विद्यापीठ विभागाचे प्रमुख, नामनिर्देशित शिक्षक, संलग्न महाविद्यालयांतील विभागप्रमुखांतून निवडून आलेले सदस्य आणि बाहेरील तज्ज्ञ त्यात असतात. मंडळाचा प्रस्ताव विद्याशाखेमार्फत विद्यापरिषदेकडे जातो. विद्यापरिषद ही शैक्षणिक बाबींची सर्वोच्च प्राधिकारिणी. २०१६ च्या कायद्याने विद्याशाखा चारच ठेवल्या: विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविद्या आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास.

महाविद्यालयाला नवा विषय किंवा नवी शाखा सुरू करायची असेल, तर वाट आणखी लांब आहे. विद्यापीठाचा पंचवार्षिक बृहत् आराखडा, विद्यापीठाकडे प्रस्ताव, छाननी, शासनाची परवानगी आणि त्यानंतर संलग्नता, असे टप्पे पार करावे लागतात. शिक्षकांना विषयाची निकड कितीही जाणवली, तरी शासनमान्यतेवाचून वर्ग उघडता येत नाही.

धोरण बदलले, अधिकार किती बदलला?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर राज्याने २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाद्वारे पदवीची श्रेयांक रचना जाहीर केली. तीन वर्षांच्या पदवीसाठी १२० ते १३२ श्रेयांक, चार वर्षांच्या पदवीसाठी १६० ते १७६. मुख्य व गौण विषय, खुले ऐच्छिक विषय, कौशल्याधारित अभ्यास, भारतीय ज्ञानप्रणाली, क्षेत्रप्रकल्प, कार्यानुभव, अशी तिची मांडणी आहे. एका वर्षानंतर प्रमाणपत्र व दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची मुभाही आहे.

कागदावर यात ग्रामीण महाविद्यालयासाठी मोठी संधी आहे. पवनीच्या स्तूपांवरील क्षेत्रप्रकल्प, अभयारण्याच्या अनुषंगाने निसर्ग-मार्गदर्शक प्रशिक्षण किंवा गोसेखुर्दच्या लाभक्षेत्रातील पाणीवाटपाचा अभ्यास श्रेयांकाच्या चौकटीत बसू शकतो. परंतु निवडीला मर्यादा असते ती शिक्षकांच्या संख्येची. मानव्यविद्येचे तीन-चारच शिक्षक असलेल्या महाविद्यालयात 'खुला ऐच्छिक विषय' म्हणजे उपलब्ध शिक्षक जो शिकवू शकेल तो विषय, असेच होते.

खरी अडचण मतदारयादीची

येथेच शिक्षक-सहभागाचा मुद्दा गंभीर होतो. विकास समितीत शिक्षक निवडण्याचा अधिकार पूर्णवेळ शिक्षकांना आहे. राज्यात प्राध्यापकांची अनेक पदे दीर्घकाळ रिक्त राहिली आणि अध्यापनाचा भार तासिका तत्त्वावरील शिक्षकांवर आला. हे शिक्षक वर्ग घेतात, उत्तरपत्रिका तपासतात, प्रकल्पांना मार्गदर्शन करतात. पण समितीच्या निवडणुकीत त्यांना स्थान नसते. त्यामुळे जेथे नियमित शिक्षक मोजकेच उरले आहेत, तेथे 'निवडणूक' नावापुरती होण्याचा धोका असतो. त्याच व्यक्तीकडे विभागप्रमुखपद, गुणवत्ता कक्ष आणि समितीचे सदस्यत्व एकवटते. सामूहिक निर्णयासाठी जो समूह लागतो, तोच तेथे शिल्लक राहत नाही.

इतरत्र काय आहे?

अमेरिकेतील 'कम्युनिटी कॉलेज' हा प्रकार स्थानिक गरजेतून वाढला. इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ साली त्याचा आरंभ झाला. कॅलिफोर्नियात १९८८ च्या कायद्याने अशा महाविद्यालयांतील शिक्षक-सभांना अभ्यासक्रम, गुणांकन धोरण यांसारख्या बाबींत औपचारिक स्थान दिले. तेथील नियामक मंडळाला या विषयांत शिक्षक-सभेच्या सल्ल्यावर मुख्यत्वे विसंबावे लागते किंवा तिच्याशी सहमती करावी लागते. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३ मध्ये समुदाय महाविद्यालयांची योजना आणून स्थानिक उद्योगांना अभ्यासक्रमाशी जोडण्याचा प्रयत्न केला. आपल्याकडील स्वायत्त महाविद्यालयांनाही स्वतःची अभ्यासमंडळे व विद्यापरिषद असते. पदवी मात्र मूळ विद्यापीठच देते. मूल्यांकन, साधनसामग्री व मनुष्यबळ यांच्या अटींमुळे लहान ग्रामीण महाविद्यालयांना हा मार्ग सहजसाध्य नाही.

नागरिकांनी काय पाहावे?

तरीही आहे त्या कायद्यात बरेच करता येते. विकास समितीच्या चार बैठका झाल्या का, इतिवृत्ते उपलब्ध आहेत का, शिक्षकांची निवडणूक खरोखर झाली का, चार स्थानिक सदस्य शिक्षणाची जाण असलेले आहेत की केवळ मर्जीतले, हे प्रश्न पालक व माजी विद्यार्थी विचारू शकतात. अनुदानित महाविद्यालयांकडून माहितीच्या अधिकारातही ही माहिती मागता येते. प्रवेशापूर्वी कोणते ऐच्छिक विषय प्रत्यक्षात शिकवले जातात आणि त्यासाठी नियमित शिक्षक आहे का, याची चौकशी करणे तर सर्वांत सोपे.

नागपूर-मुंबईच्या महाविद्यालयात एक विषय नाही मिळाला तर विद्यार्थी शेजारच्या महाविद्यालयात जातो. कोंढ्याच्या परिसरातील विद्यार्थ्याला, विशेषतः विद्यार्थिनीला, तसा पर्याय सहसा नसतो. म्हणूनच अभ्यासक्रमाच्या निर्णयात शिकवणाऱ्याचा आणि शिकणाऱ्याचा आवाज असण्याची निकड शहरापेक्षा अशा गावांत अधिक आहे.