'शुल्ड' : ऋण की अपराध?

जर्मन भाषेतील 'शुल्ड' हे नाम मोठे अर्थगर्भ आहे. सावकाराचे देणे सांगावयाचे असो (तेव्हा बहुधा 'शुल्डन' असे अनेकवचन येते) अथवा न्यायासनासमोर वा अंतःकरणात सिद्ध झालेला अपराध, शब्द हाच.

'देणे लागणे, बांधील असणे' या अर्थाच्या प्राचीन जर्मन क्रियापदापासून तो निघाला. इंग्रजीतील 'शॅल' आणि 'शुड' हे त्याचेच भाऊबंद. लोकांकडून देणी व कर्तव्ये पुरी करून घेणाऱ्या ग्रामाधिकाऱ्यास 'शुल्टहाइस' म्हणत. 'शुल्त्स' हे आडनाव त्यातूनच आले. म्हणजे देणे हा अर्थ आधीचा. देणे चुकविले तो दोष, हा नंतरचा. १८८७ साली तत्त्वज्ञ नीत्शे यांनी यावरून अपराधभावनेचा उगम धनको-ऋणको व्यवहारातच शोधला.

आपणांस मात्र येथे प्रभूची प्रार्थना आठवते. मत्तयच्या ग्रीक पाठात 'ऋणे' आहेत, तर लूकच्या पाठात त्या जागी 'पापे'. येशूच्या अरामी बोलीत दोहोंसाठी एकच शब्द होता. मराठी भाषांतरकाराला ऋण वा अपराध यांतून एक निवडावा लागतो. जर्मन भाविक 'शुल्ड' म्हणतो आणि त्याला दोन्ही ऐकू येतात.

या शब्दाची खरी कसोटी १९४५ नंतर लागली. हिटलरच्या राजवटीत साठ लाख यहुद्यांची हत्या झाली होती. 'शुल्ड' नेमकी कोणाची? कार्ल यास्पर्स यांनी १९४६ सालच्या ग्रंथात तिचे चार प्रकार केले : कायद्यापुढील, राजकीय, नैतिक आणि केवळ ईश्वरच जिचा न्याय करू शकतो ती. १९५२ साली चॅन्सेलर आडेनाउअर यांनी इस्राएलला तीन अब्ज मार्क देण्याचा करार केला. पुढच्याच वर्षी लंडन येथे धनको राष्ट्रांनी जर्मनीचे युद्धपूर्व व युद्धोत्तर कर्ज सुमारे निम्म्याने माफ केले. जो अपराधी, तोच ऋणकोही होता; त्याला सूट मिळाली, म्हणून तो पुन्हा उभा राहिला.

परंतु मृतांचे देणे कोणत्या नाण्याने फेडावे? १९७० साली चॅन्सेलर विली ब्रांट वॉर्सा येथील यहुदी स्मारकापुढे निःशब्द गुडघे टेकून राहिले. करारांनी जे फिटले नव्हते, ते तेथे मान्य झाले. नीत्शे यांचा हिशेब येथे अपुरा पडतो, असे आम्हांस वाटते.

तथापि पैशाची बाजू गौण नव्हे. भावाच्या शेताचा बांध सरकवून पापनिवेदनास येणाऱ्याला ख्रिस्तसभा क्षमेबरोबर परतफेडही सांगते. बांध मागे घेतल्यावाचून पश्चात्ताप अपुरा, आणि बांध मागे घेतला तरी दुखावलेल्या भावापाशी जाणे उरतेच. जर्मन माणसाला हे दोन्ही सांगण्यास एक शब्द पुरतो. आपण दोन शब्द वापरतो, इतकेच. त्यांतील एक विसरण्याची मुभा मात्र आपणांस नाही.