इंग्रजी साहित्य: आधी मुंबई, मग ऑक्सफर्ड

वैभववाडीत राहून इंग्रजीत बी.ए. केलं, तरी पदवी मुंबई विद्यापीठाची. ते १८५७ चं. इंग्रजी तिथे सुरुवातीपासून. ऑक्सफर्डमध्ये इंग्रजी साहित्याची स्वतंत्र शाखा आली १८९४ मध्ये! आम्हा सायन्सवाल्यांना हा क्रम उलटाच वाटणार. गौरी विश्वनाथन यांनी १९८९ च्या पुस्तकात कारण मांडलं: उघड धर्मप्रचार न करता संस्कार घडवायला राज्यकर्त्यांना साहित्य सोयीचं होतं.

पटतं, पण अर्धंच. शिकणाऱ्यांनी काय केलं? शेजारच्या देवगड तालुक्यातल्या धालवलीचे विंदा करंदीकर मुंबईत इंग्रजी शिकवायचे. त्यांनी ‘किंग लिअर’ आणि ॲरिस्टॉटलचं काव्यशास्त्र मराठीत आणलं. सरकारी अहवाल अभिलेखागारात मिळतील. विद्यार्थ्यांनी समासात काय लिहिलं, ते बघायला मात्र जुनी क्रमिक पुस्तकंच धुंडाळावी लागतात.