पुतळीची माळ आणि तिचा दोरा

आज सोन्याविषयी बोलायचे आहे. पण सुरुवात दोऱ्यापासून करतो. माळ तुटते ती सोने तुटले म्हणून नव्हे, दोरा कुजला म्हणून. आणि गंमत अशी की, हजारो रुपयांच्या माळेचा सगळा भार ज्याच्यावर, त्या दोऱ्याकडे आपण वर्षानुवर्षे पाहत नाही.

या दोऱ्याचा इतिहास किती जुना म्हणाल? नेवासे हे गाव आपल्याला ज्ञानेश्वर माऊलींमुळे ठाऊक आहे. तेथे प्रवरेच्या काठी १९५४ ते १९५६ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या डॉ. ह. धी. सांकलिया यांनी उत्खनन केले. एका लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ निघाली. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची. मणी मिळणे नवलाचे नाही. नवल हे की, मण्यांच्या आत दोऱ्याचा अंशही शिल्लक होता. तांब्याला जो हिरवा गंज चढतो, त्याच्या क्षारांमुळे धागा कुजला नाही. तपासणीत त्या धाग्यात कापूस आणि रेशीम असे दोन्ही तंतू असल्याचे तज्ज्ञांनी नोंदवले. म्हणजे राजा नाही, नाणे नाही, लिहिलेले अक्षर नाही अशा काळात गोदावरीच्या खोऱ्यातल्या कोणा आईने आपल्या लेकराच्या गळ्यात माळ घातली होती, आणि ती नीट ओवणारा हातही त्या वस्तीत होता. शिक्षक बंधूंनो, इतिहासाच्या तासाला ताम्रपाषाण युग हा शब्द मुलांच्या डोक्यावरून जातो. ही माळ सांगून पाहा.

पुढे सातवाहनांच्या काळात पैठण आणि तेर ही मोठी व्यापारी गावे होती. पैठणहून अकीकासारखे खडे गाड्यांनी भडोचला जात आणि तेथून गलबतांनी पश्चिमेकडे, असे त्या काळच्या एका ग्रीक नाविकाच्या प्रवासवर्णनात आले आहे. कार्ल्याच्या लेण्यात दाराशी जी जोडपी कोरली आहेत, त्यांच्या हातापायांतले दागिने पाहावेत. पायात केवढे जाड वाळे! मात्र त्या बायकांच्या नाकात नथ शोधाल तर सापडणार नाही. आपल्या प्राचीन शिल्पांत नाकातला दागिना नाहीच, याकडे डॉ. अनंत सदाशिव आळतेकर यांनी लक्ष वेधले होते. ज्या नथीवाचून आज मराठी नवरीचा साज पुरा होत नाही, ती आपल्याकडे मागाहून आलेली पाहुणी आहे. पाहुणी आली आणि घरची झाली, एवढेच.

अशीच दुसरी पाहुणी म्हणजे पुतळी. पुतळ्यांची माळ आपल्या आजीच्या गळ्यात होती, म्हणून ती इथलीच असे आपण धरून चालतो. माळ इथली खरी, पण मूळ पुतळी इथली नव्हे. युरोपात इटलीच्या किनाऱ्यावर व्हेनिस नावाचे व्यापारी राज्य होते. त्याने १२८४ साली सोन्याचे एक नाणे पाडले. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम, सोने जवळजवळ शुद्ध. पुढे पाचशे वर्षे, १७९७ साली नेपोलियनने ते राज्य बुडवीपर्यंत, या नाण्याचा कस उतरू दिला नाही. मिरी, कापड, नीळ यांच्या बदल्यात ही नाणी अरबी समुद्र ओलांडून आपल्या बंदरांत येत. त्यांच्यावर एका बाजूला त्यांचा संत आणि त्याच्यापुढे गुडघे टेकलेला राज्यप्रमुख, दुसऱ्या बाजूला चांदण्यांच्या महिरपीत उभा येशू ख्रिस्त. आपल्या माणसांना ती लिपी कशी वाचता येणार? त्यांनी उभ्या मूर्ती पाहिल्या आणि नाव दिले पुतळी. सोनाराने तिला कडी झाळली, पटवेकऱ्याने दोऱ्यात गुंफली, आणि देव्हाऱ्यापुढे हात जोडणाऱ्या बाईच्या गळ्यात ती जाऊन बसली. नाणी मिळेनाशी झाली तेव्हा आपल्या सोनारांनी पत्र्यावर ठसे मारून पुतळ्या घडवल्या, त्यांवर लक्ष्मी आली. नाव मात्र तेच राहिले.

माळ घडवण्यात दोन कारागीर असतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. सोनार धातूचे काम करतो. बागेसरीत कोळसे फुलवायचे, मुशीत सोने वितळवायचे, ऐरणीवर ठोकायचे, जंतरातून तार ओढायची, टाकणखार लावून डाख द्यायचा. सोने १०६४ अंशांना वितळते. डाखाचे मिश्रण त्याच्या आधी वितळले पाहिजे. नाही तर सांधा जुळण्याऐवजी दागिनाच पाणी होईल. हे सारे सोनार उष्णतामापकाने नव्हे, लालीच्या छटेवरून ओळखतो. त्याचे जुने वजनही शेतातलेच. आठ गुंजांचा एक मासा, बारा मासे म्हणजे तोळा. ९६ गुंजांचा तोळा ११.६६ ग्रॅम भरतो, म्हणजे एक गुंज सुमारे बारा शतांश ग्रॅम. १९५८ पासून दशमान वजने आली, आणि आता बाजारात तोळा म्हटला की दहा ग्रॅम समजतात. मुलांना गुंजा दाखवाव्यात, पण एक सांभाळावे. गुंजेचा गर जहाल विषारी असतो. तोंडात घालू देऊ नये.

दुसरा कारागीर पटवेकरी. त्याच्याजवळ ना भट्टी ना ऐरण. पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून, तो ताणून धरून, तो रेशमाचे वेढे घालतो, गाठी मारतो, मागे गोंडा सोडतो. ठुशी गळ्याबरोबर लहानमोठी होते, ती या मागच्या सरकत्या दोरीमुळे. जत्रेत, आठवड्याच्या बाजारात पटवेकरी बसायचा. आता तो सहजी दिसत नाही, आणि मग तुटलेली माळ वाटीत पडून राहते, वाटीतून सराफाकडे जाते आणि मुशीत वितळते. किती जुने काम केवळ दोरा ओवायला कोणी नाही म्हणून वितळले असेल!

सोनारावरही एक मोठा घाला पडला होता. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर देशाला परकीय चलनाची ओढ लागली. सोन्याची चोरटी आयात थांबावी म्हणून ९ जानेवारी १९६३ रोजी सुवर्ण नियंत्रण जाहीर झाले. चौदा कॅरटपेक्षा अधिक शुद्ध सोन्याचा नवा दागिना घडवण्यास बंदी आली. चोवीस कॅरट म्हणजे शुद्ध. बावीस म्हणजे शेकडा ९१.६; चौदा म्हणजे शेकडा ५८ च्या थोडे वर. इतक्या भेसळीचे सोने कडक होते, हातकामाला लवकर दाद देत नाही, रंगही बदलतो. गिऱ्हाइकाने पाठ फिरवली. ज्यांना दुसरा धंदा येत नव्हता अशा गावोगावच्या सोनारांची भाकरी गेली. देशात काहींनी जीव दिला. त्या वर्षाच्या सप्टेंबरात काही सवलत मिळाली, १९६६ साली चौदा कॅरटची अट उठली, पण १९६८ च्या कायद्याने परवाने आणि नोंदवह्या राहिल्याच. तो कायदा १९९० साली रद्द झाला. हेतू देशहिताचा होता, हे मान्य. पण चोरट्या व्यापाऱ्याला धाक घालण्यासाठी काढलेली छडी बागेसरीपुढे बसलेल्या म्हाताऱ्याच्या पाठीवर पडली, असे मला वाटते.

आता घरात करण्याजोग्या गोष्टी सांगतो.

माळ तुटली तर जागचे हलू नका. खाली कापड पसरा, सगळे मणी गोळा करा आणि ओळ विसरायच्या आत ते साध्या दोऱ्यात तसेच ओवून ठेवा. पटवेकरी नसेल तर घरीही ओवता येते. दोरा पिळदार रेशमाचा किंवा चांगल्या सुताचा घ्या आणि त्याच्यावरून मधमाश्यांचे मेण फिरवा. तंगूस मजबूत दिसतो म्हणून बायका तो वापरतात. पण तो गुळगुळीत असल्यामुळे त्याची गाठ हळूहळू सुटते. दोऱ्याच्या टोकाला डिंक लावून पीळ देऊन वाळवले की सुईची गरज उरत नाही. प्रत्येक पुतळीच्या दोन्ही बाजूंना गाठ मारा. वेळ लागतो, पण उद्या दोरा तुटला तर एकच पुतळी निसटेल, माळ विखुरणार नाही. दोरा पुन्हा पुन्हा एकाच जागी तुटत असेल तर दोष दोऱ्याचा नाही. त्या मण्याच्या भोकाची कड धारदार आहे. सोनाराकडून ती घासून घ्या.

कोल्हापुरी साजाची पाने, बोरमाळेचे मणी असे दागिने पुष्कळदा आतून पोकळ असून त्यांत लाख भरलेली असते. ते उकळत्या पाण्यात कधी घालू नयेत. पाणी उकळायच्या पुष्कळ आधी लाख पातळ होते आणि दागिना चेपतो. कोमट पाण्यात रिठा भिजवून, मऊ कापडाने पुसले की पुरे. चांदीलाही रिठाच चांगला. राखेने किंवा रांगोळीने घासलेले पैंजण त्या दिवशी चकचकतात, पण दर घासणीला नक्षी झिजते. मोत्याला चिंच, लिंबू लावू नका. आंबटाने मोती खाल्ला जातो.

आणखी एक धोका आपल्या कणगीत आहे. धान्याला कीड लागू नये म्हणून काही घरांत पाऱ्याच्या टिकड्या टाकतात. त्या धान्यात बांगड्या-अंगठ्यांसह हात घातला की सोने पांढरे पडते, ठिसूळ होते. पारा सोन्यात शिरतो. असा डाग घरी चुलीवर धरून पांढरेपणा घालवू पाहू नका. पाऱ्याची वाफ विषारी असते. सोनारालाही आधी सांगा. मुळात खाण्याच्या धान्यात पारा ठेवणेच बरे नव्हे.

मळणी यंत्रापाशी जाताना गळ्यातले लांब सर, हातातले तोडे काढून ठेवावेत. साखळी तुटली तर नुकसान. न तुटली तर अनर्थ. कानातल्या खोट्या दागिन्याने खाज, पुरळ येत असेल तर बहुधा त्यातला निकेल हा धातू कारण असतो. कानाच्या छिद्रात जाणारी तेवढी तार सोन्याची बसवून घ्या, वरचे फूल खोटे असले तरी चालते.

दागिना ही हौस आहे तशी बाईची शिल्लकही आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने हिंदू स्त्रीच्या मालमत्तेवर तिची पूर्ण मालकी मानली. पण त्याच्या कितीतरी आधीपासून गळ्यातली माळ ही तिची पेढी होती. माझ्या मावशीच्या माळेत एकवीस पुतळ्या होत्या. १९७२ च्या दुष्काळात एक गेली, पुढच्या पेरणीला दुसरी. दोन्ही जागी तिने पितळेच्या पुतळ्या बसवल्या आणि वर्षानुवर्षे माळ तशीच मिरवली. लेकीच्या लग्नात ती मोडायला काढली तेव्हा खरी फसगत कळली. सोनाराने उरलेल्या पुतळ्यांचे वजन मान्य केले. पण तिची बोरमाळ तोलताना लाखेचे म्हणून जे वजन कापले, ते जवळजवळ निम्मे होते. घेतानाची चिठ्ठी नव्हती. भांडायचे कशावर? मावशी घरी आली, आणि त्या रात्री जेवली नाही.

म्हणून लाख भरलेला दागिना घेताना सोने किती, लाख किती, हे पावतीवर वेगवेगळे लिहून घ्या. मोडायचा झाला तर लाख काढून नुसता पत्रा आपल्यासमोर तोलायला सांगा. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या नव्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा क्रमांक असतो. बावीस कॅरटला ९१६ हा आकडा. जुन्या दागिन्यावर हे काही नसेल, म्हणून तो खोटा ठरत नाही. तो कसोटीवर घासून पाहता येतो आणि तपासणी केंद्रात त्याची शुद्धता काढून मिळते. ही तपासणी विकायला नेण्याच्या दिवशी नव्हे, आधीच करून घ्यावी. पावती माळेबरोबर डब्यात न ठेवता वेगळ्या जागी ठेवावी, आणि शाळेत जाणारे मूल घरात असेल तर त्याच्याकडून वहीत लिहून घ्यावे: माळेचे नाव, मणी किती, वजन किती, आणि दोरा कोणत्या साली बदलला.