बोटचित्रण

बोटचित्रण ही कुंचला न वापरता बोटे, नखे, तळहात किंवा मनगट यांच्या साहाय्याने ओला रंग पृष्ठभागावर पसरवून चित्र काढण्याची पद्धती आहे. मराठी शाळांत व बालवाड्यांत तिच्यासाठी ‘फिंगर पेंटिंग’ हेच नाव अधिक रूढ असून बोटचित्रण व अंगुलीचित्रण हे त्याचे मराठी पर्याय होत. आज ही संज्ञा प्रामुख्याने लहान मुलांच्या कलाशिक्षणाशी जोडली जात असली, तरी पद्धती त्याहून पुष्कळ जुनी आहे.

संज्ञेचा अर्थ व वापर

काटेकोर अर्थाने बोटचित्रणात बोट रंगातून फिरते आणि त्याच्या हालचालीची खूण चित्रात राहते. बोट रंगात बुडवून कागदावर केवळ टेकवले, तर त्या कृतीस शालेय परिभाषेत ‘ठसेकाम’ म्हणतात. भेंडी किंवा बटाटा कापून उमटवलेले ठसेही त्यातच मोडतात. दैनंदिन बोलण्यात मात्र हा भेद क्वचितच पाळला जातो. ‘अंगुलीमुद्रा’ हा शब्द पूर्णतः निराळा आहे. तो ओळख पटवण्यासाठी घेतलेल्या बोटांच्या ठशांसाठी पोलीस व न्यायालयीन व्यवहारात वापरतात.

रांगोळी बोटांनीच काढतात. तथापि तिला बोटचित्रण म्हणणे अवघड आहे. चिमटीतून सुटणारी कोरडी पूड जमिनीवर पडते, बोट जमिनीला सहसा लागत नाही. याउलट बंगालमधील अल्पना तांदळाच्या ओल्या पिठाने काढली जाते. पिठात भिजवलेले फडके हातात धरून पीठ अनामिकेवरून ओघळू देत रेषा ओढतात, म्हणून ती या संज्ञेच्या अधिक जवळ जाते. वारली चित्रांविषयीही गैरसमज आढळतो. गेरूने सारवलेल्या भिंतीवरील ती पांढरी चित्रे बोटांनी काढलेली वाटली, तरी परंपरेने त्यांसाठी टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी वापरतात.

महाराष्ट्रातील परंपरा

महाराष्ट्रात ओल्या रंगाने हाताची खूण उमटवण्याची चाल घरगुती विधींत व कृषिसणांत टिकून आहे. भाद्रपदात गौरींचे आवाहन होते, तेव्हा उंबरठ्यापासून गौरी बसवण्याच्या जागेपर्यंत पावले काढतात. अनेक घरी ही पावले रांगोळीने रेखतात. काही घरी मात्र मूठ वळून तिची करंगळीकडील कड कुंकवाच्या पाण्यात किंवा तांदळाच्या पिठात बुडवतात व जमिनीवर टेकवतात. त्यातून तळव्याचा आकार उमटतो. मग बोटांच्या टोकांनी पाच ठिपके दिले की पायाची बोटे होतात. डाव्या मुठीचा ठसा एका पावलाचा, उजव्या मुठीचा दुसऱ्याचा. हाताने पाऊल घडवण्याची ही युक्ती इतकी सोपी आहे, की ती शिकवावी लागत नाही, पाहूनच येते. आता तयार साचे व चिकटपट्ट्या बाजारात मिळू लागल्याने ती मागे पडत आहे.

वास्तुशांतीच्या वेळी किंवा नववधूच्या गृहप्रवेशाच्या वेळी दाराशेजारी कुंकवाचे वा हळदीचे पंजे उमटवण्याची प्रथाही अनेक कुटुंबांत आहे. इंदापूर-बारामतीसारख्या शेतीप्रधान भागांसह राज्यात सर्वत्र पोळा किंवा बेंदूर साजरा होतो. या दिवशी बैलांना धुऊन त्यांची शिंगे रंगवतात व अंगावर गेरूचे किंवा रंगाचे ठिपके आणि पंजे उठवतात.

काटेकोर व्याख्या लावल्यास यांपैकी बहुतेक कृती ठसेकामात जातील व बोटचित्रणातून वगळल्या जातील. तसे केल्यास मुख्यतः स्त्रियांनी व शेतकऱ्यांनी जपलेली, एक-दोन दिवसांत पुसली जाणारी आणि कर्त्याचे नाव न लावणारी चित्रे कलेच्या चर्चेबाहेर राहतात. त्यामुळे या संज्ञेचा व्यापक अर्थ घेणे अधिक सयुक्तिक ठरते.

इतिहास

फ्रान्समधील रूफिन्याक गुहेच्या मऊ भिंतींवर बोटे ओढून उमटवलेल्या प्रागैतिहासिक रेषा आहेत. त्यांची रुंदी मोजून त्यांतील काही लहान मुलांच्या असाव्यात, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला आहे. चीनमध्ये बोटचित्रण ही प्रतिष्ठित कलाशाखा झाली. छिंग राजवटीतील अधिकारी व चित्रकार काओ छीपेई (१६६०–१७३४) हा बोटे, नखे व तळहात यांनी शाईचित्रे काढण्यासाठी प्रसिद्ध होता. विसाव्या शतकात फान थ्येनशोऊ (१८९७–१९७१) याने ही परंपरा पुढे नेली. युरोपात व्हेनिसचा टिशन उतारवयात चित्र पूर्ण करताना कुंचल्यापेक्षा बोटांचा वापर अधिक करी, असे त्याच्या शिष्याच्या हवाल्याने नोंदवलेले आहे.

आधुनिक शालेय बोटचित्रणाचे श्रेय अमेरिकन शिक्षिका रूथ फेसन शॉ यांना दिले जाते. रोम येथे शाळा चालवत असताना त्यांनी बोटांनी वापरता येईल असा निर्धोक रंग तयार केला. १९३४ मध्ये त्यांचे या विषयावरील पुस्तक प्रसिद्ध झाले. पुढे मनोरुग्णांच्या उपचारांतही त्यांनी या माध्यमाचा उपयोग केला.

कृती व साहित्य

गुळगुळीत कागद ओलसर करून त्यावर दाट रंग पातळ थरात पसरतात. रंग वाळेपर्यंत आकृती कितीही वेळा पुसून नव्याने काढता येते. पेन्सिल धरण्याइतकी पकड न आलेल्या मुलालाही हे जमते, आणि चूक झाली म्हणून कागद टाकावा लागत नाही. बालशिक्षणात या माध्यमाला स्थान मिळण्याचे हे मोठे कारण आहे. मैद्याची किंवा मक्याच्या पिठाची खळ शिजवून, थंड झाल्यावर तिच्यात खाद्यरंग मिसळल्यास घरीही रंग तयार होतो. तो टिकाऊ नसल्याने लवकर वापरावा लागतो.

मुले रंगाची बोटे तोंडात घालतात, म्हणून रंगातील घटकांना महत्त्व आहे. युरोपीय मानक ईएन ७१ च्या सातव्या भागात बोटरंगांसाठी स्वतंत्र निकष असून, मुलांनी रंग खाऊ नये यासाठी त्यात कडू चवीचा पदार्थ मिसळणे बंधनकारक आहे. भारतात खेळण्यांच्या सुरक्षिततेविषयीच्या आयएस ९८७३ या मानकाचा सातवा भाग बोटरंगांसंबंधी आहे. खेळणी (गुणवत्ता नियंत्रण) आदेश, २०२० अन्वये १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचे प्रमाणचिन्ह सक्तीचे झाले. भिंतींचे तैलरंग, कपड्यांचे रंग किंवा रंगपंचमीचे रासायनिक रंग बोटचित्रणासाठी वापरू नयेत.