तापमापकाला भूत दिसते काय?

अंधाऱ्या वाड्यात मध्यरात्री चार-पाच तरुण शिरतात. एकाच्या हातात पिस्तुलासारखा तापमापक असतो. आकडा झरकन उतरतो आणि तो ओरडतो, "इथे कुणीतरी आहे!" असे व्हिडिओ आपल्या वस्त्यांतली मुलेही पाहतात. अंगारे-धुपारे सोडलेले आमचे काही कार्यकर्तेसुद्धा विचारतात, "यंत्र खोटे कसे बोलेल?" प्रश्न प्रामाणिक आहे. म्हणून या यंत्राचा इतिहास तपासू या.

१८८२ साली लंडनमध्ये 'सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च' स्थापन झाली. अतींद्रिय म्हणवल्या जाणाऱ्या घटनांची पद्धतशीर चौकशी करणे हा तिचा हेतू. पुढे १९२३ मध्ये हॅरी प्राइस या इंग्रज भूतसंशोधकाने स्टेला क्रॅनशॉ या तरुणीला माध्यम मानून बैठका घेतल्या. खोलीत त्याने तापमापक ठेवला आणि तापमान दहा अंश फॅरनहाइटहून अधिक उतरल्याची नोंद केली. भूत आले की गारवा येतो, या जुन्या समजुतीला आता आकडा मिळाला.

१९३७ मध्ये प्राइसने एसेक्समधील बोर्ली गावचे धर्मगुरूंचे जुने घर वर्षभरासाठी भाड्याने घेतले. 'द टाइम्स'मध्ये जाहिरात देऊन निरीक्षक जमवले. त्यांच्या साहित्यातही तापमापक होता. १९४० मध्ये त्याचे पुस्तक आले आणि ते घर इंग्लंडमधील सर्वाधिक झपाटलेले घर म्हणून गाजले. पण १९५६ मध्ये त्याच सोसायटीच्या तीन संशोधकांनी या प्रकरणाची चिरफाड केली. बऱ्याच आवाजांमागे उंदीर आणि घराच्या विचित्र रचनेमुळे घुमणारा ध्वनी होता. काही प्रकारांबाबत तर संशयाची सुई खुद्द प्राइसकडेच वळली.

मग तापमापक खोटे बोलला काय? नाही. तो फक्त तापमान सांगतो. गारवा कशामुळे आला, हे तो सांगत नाही. फटीतून येणारा वारा, ओलसर भिंत, रात्री थंड होणारा दगड, ही कारणे माणसालाच शोधावी लागतात. शिवाय आजचा पिस्तुलासारखा इन्फ्रारेड तापमापक हवेचे तापमान मोजतच नाही. समोरच्या पृष्ठभागाचे मोजतो. तो लाकडी दारावरून खिडकीच्या काचेकडे वळवला तरी आकडा बदलू शकतो. त्यात भूत कुठे आले?

रिचर्ड वाइजमन आणि सहकाऱ्यांनी हॅम्प्टन कोर्ट राजवाडा व एडिनबरोची तळघरे तपासून २००३ मध्ये निष्कर्ष मांडले. लोकांना ठरावीक जागीच विचित्र अनुभव येत होते, आणि त्यांचा संबंध प्रकाश, खोलीचा आकार अशा भौतिक गोष्टींशी दिसला. अनुभव खरा असू शकतो. त्याचा लावलेला अर्थ चुकीचा असतो.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म'मध्ये अलौकिकावरील विश्वासाला अधम्म म्हटले आहे. प्रत्येक घटनेला कारण असते. ते माणसाच्या कृतीत किंवा निसर्गनियमात शोधायचे. कारण सापडले नाही, म्हणजे भूत सिद्ध झाले असे होत नाही.

मित्रांनो, पूर्वी मांत्रिकाच्या हाती लिंबू होते, आज यंत्र आहे. हातातली वस्तू बदलली, भीतीचा धंदा तोच आहे. आम्ही यंत्राला विरोध करत नाही. उलट आम्ही म्हणतो, तापमापक घ्या, रात्रभर नोंदी ठेवा, दारे-खिडक्या तपासा आणि मग बोला. आकडा वाचणे सोपे आहे. त्याला प्रश्न विचारणे, हीच चिकित्सा.

जय भीम!