आंबल्याचा वास

गेल्या डिसेंबरात नातू मला लोअर परळच्या एका जुन्या गिरणीच्या आवारात घेऊन गेला. बिअर प्यायला नव्हे, मी पीत नाही. ती तिथेच कशी करतात ते बघायला. मुंबईत असलं पहिलं दुकान २०१३ साली इथेच, मथुरादास मिलच्या आवारात निघालं. काचेपलीकडे चकाचक टाक्या. पण आंबल्याचा वास मात्र ओळखीचा!

मोरारजी देसाई गृहमंत्री असताना १९४९ चा दारूबंदी कायदा झाला, १९५० पासून शहरात पूर्ण बंदी. दारू थांबली नाही, घराघरांत शिरली. गिरगाव-धोबीतलावाकडे गोव्याकडच्या 'आंट्या' घरातच गुत्ता चालवीत. १९६० च्या सुमारास आमच्या लालबागच्या चाळीमागे काळा गूळ नि नवसागर पिंपात आंबत असे. मग ते चुलीवर चढवून वाफ धरायची. ही हातभट्टी. थंडीत दुसरी पाळी सुटली की गिऱ्हाईक वाढे.

मंडळी, तिचं कौतुक नाही करत मी. तिने संसार बुडवले, माणसं मारली. मालवणीत २०१५ साली विषारी दारूने शंभरावर गेली. पण शेजारच्या विधवा बाई धाडीत सापडल्या, त्यांना तुरुंग झाला, तेव्हा त्यांची दोन मुलं आमच्याकडे जेवत होती. धाकटा माझ्याच वर्गात. पुढे शाळेत आलाच नाही.

घरी बिअर करून बघू का, नातवाने विचारलं. म्हटलं, परवान्याशिवाय तो आजही गुन्हा आहे, कायदा तोच. तो हसला. मग त्याला त्या बाईंचं सांगितलं.